पत्ता: साखर पेठ

रिक्षावाला म्हणाला, जुन्या मिलपाशी सोडतो.
उतरले तर मिल नव्हती.
मोबाइलचं दुकान, दातांचा दवाखाना,
पत्र्याच्या कुंपणावर वाळत घातलेली एक सतरंजी.
मिल कुठंय?
"पाडली की. लई वर्षं झाली."
मग तिच्यापाशी कसं सोडलंत?
"सगळे हितंच उतरतात," तो म्हणाला
आणि सुटे मोजू लागला.

आठवड्याभरात कळलं, हे शहर
नसलेल्या गोष्टींवरून रस्ता सांगतं.
टॉकीजच्या अलीकडं डावीकडं: टॉकीज नाही.
भोंग्याला या: भोंगा नाही,
तरी घरमालकीण नरसूबाई येमुल बरोबर सातला
विड्यांचं सूप मांडीवर ओढतात.

मी मॉरिशसहून आले, टॉवेल तपासायला.
वजन, पीळ, कितव्या धुण्याला रंग सुटतो.
समुद्रकाठच्या हॉटेलात माझ्या आईनं
वीस वर्षं ज्यांच्या घड्या घातल्या
त्यांच्या कडेला बारीक अक्षरांत सोलापूर होतं.
आईला वाटायचं, मालकाचं आडनाव.

आमच्याकडं मराठी निघायची गणपतीत
आणि रागावताना.
पाच पिढ्या डब्यात जपलेली ती भाषा
मी इथं आणून झाकण उघडलं,
तर जिन्यातच पहिला प्रश्न तेलुगूत: "तिन्नावा?"
खालच्या मजल्यावर भांडण कन्नडमध्ये.
पिठाच्या गिरणीवर उर्दूत नंबर पुकारत होते.
"वायच थांबा," मी ओरडले
आणि सगळे खरंच थांबले.
"तुमचं मराठी कुठलं हो?"

रविवारी नुसती चालते. ऊन हातात धरल्यासारखं जड.
रेल्वे लाइन्सच्या बाजूला एक जुना बंगला दिसला,
उतरती कौलं, समोर लाकडी जाळी.
पोर्ट लुईसला हुबेहूब असाच आहे.
साहेबाला जगभर एकच व्हरांडा सुचला.
तिकडच्या व्हरांड्यात आमचं कुणी कधी बसलं नाही,
इकडं एक कुत्रं झोपलं होतं, ऐसपैस,
मला बरं वाटलं.

चौकात चार पुतळे.
शेंगावाला सांगत होता,
तेव्हा म्हणे लष्कराचं राज्य होतं,
टोपी घातली तरी उचलायचे.
मी डोक्यावरचा रुमाल उगाच सारखा केला
आणि पाव किलो शेंगा घेतल्या,
पाव किलो म्हणजे किती होतात हे माहीत नसताना.

परदेशी नोंदणीच्या टेबलावर
हवालदार बाईंनी माझं आडनाव दोनदा वाचलं. गोविंदराम पवार.
पासपोर्टकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"मूळ गाव?"
खापरपणजोबांच्या कागदावर नंबर आहे,
उंची आहे, डाव्या भुवईवरचा व्रण आहे.
गावाच्या रकान्यात फक्त बॉम्बे,
म्हणजे जिथून बोट सुटली ते बंदर.
एवढं सगळं त्यांना कसं सांगणार,
मागं रांग होती.
"सध्या कुठं राहता?"
साखर पेठ, म्हणताना जीभ अडखळली.
तो ऊस तोडायला गेला होता.
पेठेत साखर कुठं दिसत नाही,
गल्लीगल्लीत माग खटखटतात,
रात्री बंद झाले की मला जाग येते.
"मूळ गाव पेन्सिलीनं सोडते," बाई म्हणाल्या,
"कळलं की येऊन भरा."

घरी आले तर ताटलीवर ताटली झाकून ठेवलेली.
कडक भाकरी. पापडासारखी पातळ,
बोटानं टिचकी मारली तर वाजणारी.
"म्हैनाभर काय होत नाही हिला."
महिनाभर.
बोटीवर टिकली असती, मी म्हटलं.
नरसूबाईंचा तेंदूपान वळणारा हात थांबला.
"आत्ता तर आलीस. लगेच कुठं निघालीस?"
मी काहीतरी बोलणार होते,
तोवर त्या उठल्याही होत्या.
"थांब. अजून धा बांधून देते."